आजींची औषधांची पिशवी

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील एका लहानशा गावी आम्ही सकाळी साडेसहाच्या मिस्सेस उपस्थित होतो. प्रवचन आटोपले, मंडळी प्रार्थनेस उभी राहिली, आणि स्त्रियांच्या बाजूस तिसऱ्या बाकापाशी कोणीतरी धपकन पडल्याचा आवाज झाला. सुमारे 78 वर्षांच्या एक आजी खाली कोसळल्या होत्या. अंगावरील लुगडे घामाने भिजले होते, हात थरथरत होते, आणि डोळे उघडे असूनही शेजारी बसलेल्या सुनेस त्या ओळखीत नव्हत्या. कोणी म्हणाले, वारा घाला. कोणी म्हणाले, कांदा हुंगवा. मागील एक पोक्त गृहस्थ हलकेच उद्गारले, "म्हातारपण, दुसरे काय!"

पुढे सरसावली ती एक तरुण मुलगी. चर्चसमोरच्या रस्त्यावर औषधांचे एक दुकान आहे, तेथे ती फार्मासिस्ट म्हणून काम पाहते. तिने सुनेस दोनच प्रश्न विचारले. "आजींना साखरेचा आजार आहे ना? सकाळची गोळी घेतली होती का?"

"गोळी घेतली," सून म्हणाली, "चहा मात्र नाही घेतला. कम्युनियन घ्यावयाचे होते ना."

आजींस गिळता येत आहे, याची तिने आधी खात्री करून घेतली. मग पेलाभर पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून त्यांस घोट घोट पाजली. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. आजी काही सावरेनात. तेव्हा ती मुलगी पावसातून धावत जाऊन दुकान उघडून ग्लुकोजच्या पुडीचा डबा घेऊन आली. त्या पुडीचे पाणी पोटात गेल्यावर थोड्याच वेळात आजींनी इकडेतिकडे पाहिले, पदर सावरला आणि विचारले, "मिस्सा कुठवर आली गं?"

साखरेने जे झाले नाही ते ग्लुकोजने कसे झाले, हा प्रश्न आमच्या मनात घोळत राहिला. त्याचे उत्तर दोन दिवसांनी, त्याच मुलीच्या दुकानात, एका कापडी पिशवीतून बाहेर पडले.

पण त्याआधी आजींच्या उपवासाविषयी चार शब्द लिहिले पाहिजेत. आजींचा जन्म 1946 च्या सुमाराचा. त्यांनी प्रथम कम्युनियन घेतले त्या काळी मध्यरात्रीपासून अन्नाचा कणही तोंडात घालावयाचा नाही, असा नियम होता. पाण्याने उपवास मोडत नाही, असे पोप पायस बारावे यांनी 1953 साली ठरविले. 1957 साली जेवणासाठी मध्यरात्रीऐवजी तीन तासांची मर्यादा आली. आणि 1964 साली पोप पॉल सहावे यांनी ती एका तासावर आणली. शिवाय वयोवृद्धांस व आजाऱ्यांस, तसेच त्यांची सेवा करणाऱ्यांस, हा एका तासाचा नियमही लागू नाही. 1983 च्या धर्मसंहितेत तसे स्पष्ट लिहिले आहे. परंतु लहानपणी अंगात मुरलेली शिस्त कायद्याच्या कागदाने जात नसते. आजींच्या घरी चहाचे आधण ठेवले जाई ते मिस्सेहून परतल्यावर. गोळी मात्र त्या डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे पहाटे साडेपाचला, "जेवणाआधी अर्धा तास" म्हणून, न चुकता घेत. दोन्ही आज्ञा त्यांनी श्रद्धेने पाळल्या, आणि त्या दोहोंच्या कात्रीत त्या सापडल्या.

मधुमेहाच्या गोळ्यांचा एक जुना वर्ग आहे; ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड ही त्यांतील नावे. या गोळ्या स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवावयास भाग पाडतात. पोटात भाकरी पोहोचली आहे की नाही, हे गोळी पाहत नाही. ती आपले काम करीतच राहते. तरुण माणसास अशा वेळी कडकडून भूक लागते, छातीत धडधडते, आणि तो काही तरी खाऊन मोकळा होतो. वृद्धांची गोष्ट निराळी असते. त्यांचे मूत्रपिंड मंदावलेले असल्याने औषध अंगात अधिक काळ रेंगाळते, आणि धोक्याची घंटाही क्षीण वाजते. थेट गोंधळ उडतो, जीभ अडखळते, तोल जातो. रक्तातील साखर 70 च्या खाली गेली म्हणजे ती कमी झाली, असे वैद्यकशास्त्र मानते. त्या पडझडीत खुब्याचे हाड मोडले, तर पुढचे सारे आयुष्य खाटेवर जाण्याची भीती असते. साखर वाढल्याची भीती आपल्या घराघरांत आहे. ती उतरल्याची भीती, जी वृद्धांच्या बाबतीत कितीदा तरी अधिक तातडीची असते, फारच थोड्यांस ठाऊक आहे.

आता त्या पिशवीकडे वळू. रविवारीच मुलीने सुनेस बजावले होते, "घरात आजींच्या नावाचे जे जे औषध असेल, ते सगळे एका पिशवीत घालून आणा. चालू असलेले, बंद केलेले, शेजारणीने दिलेले, सगळे." मंगळवारी दुपारी, दुकानात गर्दी नसते त्या वेळी, सासूसुना आल्या. आम्हीही कुतूहलाने तेथे जाऊन बसलो. पिशवी फळीवर उपडी झाली तेव्हा 11 पट्ट्या, दोन बाटल्या, एक मलमाची नळी आणि चूर्णाची एक डबी एवढा ऐवज बाहेर पडला. गोळ्यांच्या पट्ट्यांवरील नावे इंग्रजीत, दवाखान्याची चिठ्ठीही इंग्रजीत, दवाखान्याबाहेरचा फलक कन्नडमध्ये, आणि आजींचे वाचन मराठीत. सीमाभागातील आमच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही.

मुलीने एकेक पट्टी हाती घेतली आणि प्रत्येक वेळी तेच तीन प्रश्न विचारले: ही कोणी दिली, केव्हा घेता, आणि हिने काय होते असे तुम्हांला वाटते? तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व आम्हांस प्रथम कळले नाही. रक्तदाबाची गोळी आजी "डोके जड झाले तर" घेत असत, हे त्या तिसऱ्या प्रश्नातूनच उघडकीस आले. ती गोळी रोजची होती.

बेळगावच्या एका डॉक्टरांनी वर्षापूर्वी त्यांस सकाळ-संध्याकाळ घ्यावयाची एक गोळी लिहून दिली होती. त्या एका गोळीत तीन औषधे एकत्र होती: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज. पुढे पावसाळ्यात बेळगावास जाणे जमेना, म्हणून आजी जवळच्या एका दवाखान्यात गेल्या. तेथे जुनी चिठ्ठी दाखविली गेली नाही, आणि त्यांस ग्लिमेपिराइडची सुटी गोळी मिळाली. तिचे नाव वेगळे, वेष्टन वेगळे, रंगही वेगळा. आजींनी दोन्ही चालू ठेवल्या. त्यांच्या दृष्टीने ती दोन डॉक्टरांची दोन औषधे होती. शरीराच्या दृष्टीने ते एकच औषध दुप्पट होते. यात अमुक एकाचा दोष, असे म्हणणे कठीण आहे. पहिल्या डॉक्टरांस दुसऱ्याची वार्ता नव्हती, दुसऱ्यांस पहिल्याची नव्हती, आणि दोन्ही पट्ट्या एका हाती पडण्याचे ठिकाण एकच होते, ते म्हणजे ही दुकानाची फळी.

साखरपाण्याचे कोडेही येथेच सुटले. व्होग्लिबोज हे औषध आतड्यात साखरेचे विघटन लांबविते. आपली नेहमीची साखर प्रथम तुटून तिचे ग्लुकोज व्हावे लागते, तेव्हाच ती रक्तात उतरते. हे औषध घेणाऱ्याच्या पोटात ती बराच वेळ तशीच पडून राहते. अशा माणसाची साखर उतरली तर थेट ग्लुकोजच द्यावे लागते. आपल्या देशात अशा मिश्र गोळ्या सर्रास लिहून दिल्या जातात. पण हा एवढासा तपशील किती घरांत कोणी सांगितलेला असेल? (शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, साखर नव्हे आणि ग्लुकोजही नव्हे, ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.)

पिशवी अजून संपली नव्हती. गुडघेदुखीवरच्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या आजी गेले कित्येक महिने जवळजवळ रोज घेत होत्या. त्या मूत्रपिंडास जाचक, आणि मूत्रपिंड मंदावले की मधुमेहाची गोळी अधिक चढते. मेटफॉर्मिन त्या 11 वर्षे घेत होत्या आणि तळपायांस मुंग्या येतात म्हणून कुरकुरत होत्या. मुंग्या मधुमेहानेही येतात. पण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने शरीरातील बी12 जीवनसत्त्व उणे होते, आणि त्यानेही येतात. दुसरे कारण असेल तर ते सहज दूर करता येते, म्हणून मुलीने तपासणी सुचविली. चूर्णाच्या डबीवर घटकांचा पत्ता नव्हता. ती डबी तिने बाजूस ठेवली आणि इतकेच म्हटले, "आजी, हिच्यात काय आहे ते मला सांगता येत नाही. म्हणून हिच्याविषयी चांगले-वाईट काहीच बोलवत नाही." हे उत्तर आम्हांस आवडले.

मग तिने चिठ्ठी लिहिली. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे: फार्मासिस्टास औषध बदलण्याचा अधिकार नाही, आणि या मुलीने तो गाजविलाही नाही. बेळगावच्या डॉक्टरांस उद्देशून तिने अर्ध्या पानात, कोणावरही दोषारोप न करता, पिशवीत काय सापडले आणि रविवारी काय घडले ते लिहिले. डॉक्टरही मोठ्या मनाचे. त्यांनी मूत्रपिंडाची व बी12 ची तपासणी करविली, सुटी गोळी बंद केली, मिश्र गोळीऐवजी साधी मेटफॉर्मिन ठेवून तिचे प्रमाणही घटविले, दुखण्यावर दुसरी गोळी दिली, आणि चिठ्ठीच्या पाठीवर मुलीचे आभार लिहून धाडले.

या फेरबदलानंतर आजींची साखर किंचित वाढली. एचबीए1सी नावाची एक रक्तपरीक्षा असते, ती मागील सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. आजींचा आकडा पूर्वी 6.4 असे, तो 7.8 झाला. सून घाबरली. आकडा वाढला म्हणजे आजार बळावला, अशीच आपणा सर्वांची समजूत असते. डॉक्टर मात्र समाधानी होते, आणि त्यांच्या समाधानास चांगला आधार आहे.

अमेरिका व कॅनडा या देशांत 'अकॉर्ड' नावाने प्रसिद्ध असलेला एक मोठा प्रयोग झाला. हृदयविकाराचा धोका असलेल्या 10,251 मधुमेही स्त्रीपुरुषांस त्यात घेतले होते. निम्म्यांचा आकडा औषधांच्या जोरावर 6 च्या खाली आणावयाचा आणि उरलेल्यांचा 7 ते 7.9 च्या दरम्यान राखावयाचा, अशी योजना होती. फेब्रुवारी 2008 मध्ये कडक उपचारांचा भाग मध्येच थांबवावा लागला, कारण कडक गटात 257 आणि सौम्य गटात 203 माणसे दगावली होती. तेव्हापासून वृद्धांच्या बाबतीत वैद्यकशास्त्राचा सूर बदलला आहे. प्रकृतीने ठणठणीत वृद्धासाठी 7 ते 7.5 च्या खालील आकडा योग्य, पण ज्यास अनेक व्याधी आहेत त्यास 8 च्या आत असला तरी पुरे, असे आज तज्ज्ञ सांगतात. वृद्धांनी टाळावयाच्या औषधांची एक यादी अमेरिकेत 1991 साली प्रथम तयार झाली आणि ती वेळोवेळी सुधारली जाते. ग्लिबेनक्लामाइड त्या यादीत आधीपासून होतेच. 2023 च्या आवृत्तीत त्या वर्गातील सर्वच गोळ्यांविषयी, शक्यतो त्यांपासून आरंभ करू नये, असा इशारा आला. ही औषधे वाईट आहेत असा याचा अर्थ नव्हे. ती स्वस्त आहेत आणि लक्षावधी लोकांस उपकारक ठरली आहेत. ज्या वाचकांस ती चालू असतील त्यांनी हा लेख वाचून ती आपल्या मनाने बंद करू नयेत. पिशवी घेऊन जावे आणि विचारावे.

आजींच्या घरी काय बदलले, ते मात्र आकड्यांत मावणारे नाही. गेले वर्षभर त्यांनी संध्याकाळची जपमाळ सांगणे सोडले होते. पूर्वी साऱ्या घराची माळ त्याच सांगत. मग दशक मोजताना चुकू लागल्या, तिसऱ्या दशकात पुन्हा दुसरे सुरू करू लागल्या, नातवंडे हसू लागली, आणि त्या लाजून गप्प बसल्या. घरच्यांनी मनाशी धरले की आजींची स्मृती चालली. मुलाने गोव्याहून फोनवर विचारले की आता आईस एकटी ठेवावी की नाही. वास्तविक संध्याकाळची गोळी साडेसहास आणि जेवण नऊस, असा त्यांचा क्रम होता. मधल्या अडीच तासांत साखर उतरे, आणि त्याच वेळी माळ सुरू होई. औषध बदलल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात एके संध्याकाळी नातवाच्या हातची माळ त्यांनी घेतली आणि पाचही दशके बिनचूक सांगितली. सून हे सांगताना मध्येच थांबली. वृद्धांचे जीवनमान कशाने मोजावे, यावर विद्वानांनी लांबलचक प्रश्नावल्या रचल्या आहेत. त्यांत भीती किती, परावलंबन किती, चारचौघांत मिसळणे किती, असे विचारलेले असते. आमच्यापुरते आम्ही ते पाच दशकांत मोजले.

आता या मुलीच्या व्यवसायाविषयी. आपल्याकडे तिला कोणी कंपाउंडर म्हणते, कोणी मेडिकलवाली. परंतु औषधशास्त्र हे आपल्या भागात जुने शास्त्र आहे. पणजीच्या वैद्यकीय शाळेत 1842 सालापासून त्याचे रीतसर शिक्षण दिले जात असे. ब्रिटिश मुलखात त्याची पदवी मिळू लागण्यास त्यानंतर बराच काळ लागला. स्वतंत्र भारतात 1948 चा फार्मसी कायदा झाला, आणि नोंदणी झालेल्या फार्मासिस्टाखेरीज कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देऊ नये, असे त्याच्या 42 व्या कलमाने सांगितले. 2015 च्या नियमांनी तर त्यापुढचे पाऊल टाकले: औषधाचे नाव व प्रमाण, ते घेण्याची रीत, नेहमीचे दुष्परिणाम, साठवण, आणि एखादी मात्रा चुकल्यास काय करावे, हे फार्मासिस्टाने रुग्णास आपण होऊन समजावून सांगावे, असे त्यांत लिहिले आहे. म्हणजे त्या मंगळवारी आम्ही जे पाहिले तो उपकार नव्हता. तो तिच्या कामाचाच भाग होता.

हे लिहिताना आम्हांस संकोच वाटतो, कारण वस्तुस्थिती आपण सारेच जाणतो. कितीतरी दुकानांत भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र टांगलेले असते आणि फळीमागे दुसराच कोणी पोरगा उभा असतो. एका शहरातील अशाच एका दुकानात आम्ही स्वतः रक्तदाबाची गोळी मागितली असता दुसरीच हाती पडली. नाव वाचून परत केली म्हणून निभावले. पण दोष एकतर्फी नाही. आम्ही गिऱ्हाईकही चिठ्ठी पुढे सरकवतो, किती झाले ते विचारतो, आणि मोड मोजीत चालू लागतो. डॉक्टरांस प्रश्न विचारण्याचे धैर्य नसते, आणि दुकानदारास विचारावे असे वाटत नाही. मग विचारणार कोणास?

अशा कामाने खरोखर गुण येतो काय, असा व्यवहारी प्रश्न कोणी करील. ब्राझील देशात, साओ पाउलो राज्यातील एका लहान गावी, सरकारी आरोग्यकेंद्रात याचा प्रयोग झाला. मधुमेह व रक्तदाब असलेल्या वृद्धांपैकी निम्म्यांवर नेहमीचेच उपचार चालू राहिले. उरलेल्यांस त्याखेरीज फार्मासिस्टाची देखरेख मिळाली. 36 महिने हे चालले, 194 वृद्धांनी ते पूर्ण केले, आणि 2011 साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. देखरेखीच्या गटात वरचा रक्तदाब सरासरी 156 वरून 133 वर आला, आणि एचबीए1सी 7.7 वरून 7 वर. तेथील गाव आणि आपले गाव यांत अंतर पुष्कळ आहे; पण गोळ्यांची पिशवी दोहींकडे सारखीच असावी.

आणि गरज? आपल्या देशात 2008 ते 2020 या काळात एक लाख तेरा हजारांहून अधिक लोकांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण देशभर शेकडा 11.4 आढळले, आणि साऱ्या राज्यांत अधिक गोव्यात, शेकडा 26.4. आमच्या कित्येक वाचकांची मुले-मुली गोव्यात नोकरीस आहेत. त्यांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा.

आम्ही दुकानात बसलो होतो तेवढ्यात एक सेवानिवृत्त गृहस्थ इन्सुलिनच्या सुया घ्यावयास आले, आणि पिशवीचे काम थोडे थांबले. ते थांबले हे बरेच झाले, कारण त्यातून आम्हांस आणखी एक गोष्ट कळली. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात: एका मिलिलिटरात 40 युनिटे असलेली, आणि 100 युनिटे असलेली. पिचकाऱ्याही त्यानुसार दोन प्रकारच्या असतात. 40 साठी लाल टोपणाची, 100 साठी नारिंगी. हे गृहस्थ कित्येक वर्षे 40 ची बाटली आणि लाल टोपण वापरीत होते. मुलाने मडगावहून नवी, 100 ची बाटली पाठविली होती, आणि ते नेहमीप्रमाणे लाल टोपणाच्या सुया मागत होते. मुलीने बाटली पाहावयास मागितली. लाल टोपणाच्या पिचकारीत 20 च्या खुणेपर्यंत ते औषध भरले असते तर अंगात 20 नव्हे, 50 युनिटे गेली असती. त्या रात्री काय झाले असते, ते सांगावयास नको. तिने नारिंगी टोपणाच्या सुया दिल्या, जुन्या परत आणावयास सांगितल्या, आणि पाण्याने भरलेल्या पिचकारीत त्यांच्याकडून ती खूण तीनदा भरवून घेतली. गृहस्थांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता. तिसऱ्या खेपेस त्यांनी बरोबर भरले.

त्यांच्या गावी दिवसातून कित्येक तास वीज नसते, म्हणून औषध कोठे ठेवावे हाही प्रश्न निघाला. न उघडलेली बाटली शीतपेटीत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नव्हे. एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते. उघडलेली बाटली सावलीत, थंड जागी ठेवली तर साधारणपणे चार आठवडे चालते. उन्हाळ्यासाठी मुलीने एक जुनीच युक्ती सांगितली: मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवावे, मधल्या जागेत वाळू भरून ती ओली राखावी, आणि लहान मडक्यात कोरड्या डबीत बाटली ठेवून वर ओले फडके टाकावे. पाणी झिरपून उडत राहते आणि आतील हवा बाहेरच्यापेक्षा बरीच थंड राहते. आपल्या आज्यांनी लोणी याहून निराळे काय करून राखले असेल?

गृहस्थ गेल्यावर मुलगी पुन्हा पिशवीकडे वळली. आजींस पट्ट्यांवरील अक्षरे वाचता येत नाहीत, म्हणून सकाळच्या पट्टीवर तिने शाईने सूर्य काढला आणि रात्रीच्या पट्टीवर चंद्रकोर. "दुकानातून गोळी वेगळ्या रंगाची आली," ती म्हणाली, "तर घेण्याआधी मला दाखवा. औषध तेच असेल, कंपनी बदललेली असेल. पण आधी मला दाखवा." हा इशारा महत्त्वाचा आहे. 2008 साली सुरू झालेल्या जनऔषधी योजनेमुळे तीच औषधे पुष्कळ कमी किंमतीत मिळू लागली आणि अनेक वृद्धांचा खर्च हलका झाला. परंतु जुनी महाग गोळी आणि नवी स्वस्त गोळी या दोन्ही घरात असल्या, म्हणजे त्या दोन्ही पोटात जाण्याचा संभव असतो.

यंदाच्या प्रायश्चित्तकाळापूर्वी आजी तिच्याकडे वेगळाच प्रश्न घेऊन गेल्या. भस्म बुधवारी आणि उत्तम शुक्रवारी उपवास कसा करावा? मुलगी म्हणाली, "आजी, गोळीचे मी सांगीन, उपवासाचे फादरांना विचारा." फादरांनी हसून सांगितले, की उपवासाचा नियम वयाच्या साठाव्या वर्षात पदार्पण करीपर्यंतच बांधतो, आजींस तो लागू होऊन राहिला त्यास अठरा-एकोणीस वर्षे लोटली. मांसवर्जन त्यांस खुशाल पाळता येईल, त्याने साखर उतरत नाही. आजींस हे फारसे रुचले नाही. "इतकी वर्षे कोणी बोलले नाही ते," म्हणाल्या.

आता रविवारी पहाटे त्या चहा घेतात, त्यासोबत चतकोर भाकरी खातात, आणि मग गोळी घेऊन मिस्सेस निघतात. बटव्यात ग्लुकोजची पुडी असते; मिश्र गोळी गेली तरी पुडी काही त्यांनी सोडली नाही. पिशवी दाराआडच्या खुंटीवर असते आणि महिन्यातून एकदा त्या फळीवर रिकामी होते. पुढच्या खेपेस सुनेच्या आईचीही पिशवी बरोबर न्यावयाची, असे त्यांनी ठरविले आहे. विहीणबाईंस अजून विचारलेले नाही.